तळघरात वायफाय पोहोचवताना

उतारावर बांधलेल्या बंगल्यांमध्ये रस्त्याच्या पातळीला दिवाणखाना आणि त्याखाली, निम्मा मातीत गेलेला, एक मजला असतो. पुणे-नाशिकच्या टेकड्यांलगत, पाचगणीकडे, कोकणात आणि गोव्यात अशी घरे पुष्कळ आहेत. या खालच्या मजल्यात पूर्वी अडगळ ठेवली जात असे. आता तेथे कोणी कार्यालय थाटते, कोणी शिकवणी घेते, कोणी मुलांना अभ्यासाची खोली करून देते, आणि मग लक्षात येते की वर उत्तम चालणारे इंटरनेट खाली उतरताच मान टाकते. फायबरची जोडणी करायला आलेला माणूस त्याला सोयीची जागा निवडतो. बहुधा ती दिवाणखान्यातील टीव्हीच्या मागे किंवा पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीजवळ असते, म्हणजे तळघरापासून जितके दूर जाता येईल तितके दूर. अशा आरसीसी घरातील तळघरापर्यंत चांगला सिग्नल कसा न्यावा, हे येथे सांगितले आहे. नवे उपकरण विकत घेणे हा त्यातला पहिला टप्पा नाही, हे आधीच नमूद करतो.

अडथळा नेमका कोठे आहे

वायफायच्या लहरींची लांबी २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात सुमारे १२.५ सेंटिमीटर आणि ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात ५ ते ६ सेंटिमीटर असते. विटेच्या भिंतीतून किंवा लाकडी दारातून या लहरी थोडी शक्ती गमावून पार होतात. स्लॅबमध्ये मात्र सळ्यांची आडवी-उभी जाळी असते आणि तिच्याभोवती काँक्रीट असते. जाळी लहरींचा काही भाग परतवून लावते, काँक्रीट काही भाग शोषून घेते, आणि ओल धरलेले काँक्रीट कोरड्यापेक्षा अधिक शोषते. ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरींना हा मार २.४ पेक्षा जास्त बसतो. म्हणून राउटरशेजारी वेगवान वाटणारा पट्टा तळघरात सर्वांत आधी नाहीसा होतो. राउटर घराच्या दुसऱ्या टोकाला असेल तर लहर स्लॅबवर तिरकी येते, तिचा अधिक भाग परावर्तित होतो, आणि वाटेत दोन-तीन भिंती पडतात त्या वेगळ्याच.

वरच्या मजल्यावरच्या खोल्यांना एक छुपी सवलत मिळते, ती तळघराला मिळत नाही. वर लहरी खिडक्यांतून, दारांतून, समोरच्या भिंतींवर आदळून आडवाटेनेही खोलीत पोहोचतात. तळघराच्या तीन बाजूंना माती असते, त्यामुळे तेथे येण्याचे मार्ग दोनच उरतात: स्लॅब आणि जिना. पुढील बहुतेक उपाय या दोन मार्गांभोवती फिरतात.

आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. वायफाय हा दोन बाजूंचा संवाद आहे. राउटर बदलून अधिक शक्तीचा आणला, त्याला चाराऐवजी आठ अँटेना असल्या, तरी तळघरातल्या फोनचा किंवा लॅपटॉपचा रेडिओ तेवढाच राहतो. राउटरचा आवाज खाली ऐकू येतो, पण फोनचे क्षीण उत्तर वर पोहोचत नाही. पडद्यावर तीन दांड्या दिसत असूनही पान उघडत नाही, याचे बऱ्याचदा हेच कारण असते. या कारणासाठीच, केवळ तळघराकरिता महाग आणि ‘लाँग रेंज’ राउटर घेण्याच्या मी विरुद्ध आहे.

आधी मोजणी

दांड्यांवर विसंबू नये, कारण किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन आपापल्या पद्धतीने ठरवतो. सिग्नल डीबीएम (डेसिबल-मिलिवॉट) या एककात मोजावा. अँड्रॉइडवर हा आकडा दाखवणारी वायफाय ॲनालायझर प्रकारची अनेक मोफत ॲप आहेत. आयफोनवर ॲपलच्या एअरपोर्ट युटिलिटीमध्ये, आधी फोनच्या सेटिंग्जमधून स्कॅनर चालू करून, तो पाहता येतो. मॅकवर ऑप्शन कळ दाबून ठेवून वायफायच्या चिन्हावर क्लिक केले की तो आरएसएसआय या नावाने दिसतो. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. राउटरच्या खोलीत उणे ४० ते उणे ५० मिळावा, व्हिडिओ कॉल सुरळीत चालण्यासाठी उणे ६७ ही उपयोगी मर्यादा मानली जाते, उणे ७५ च्या आसपास संदेश आणि मेल कसेबसे चालतात, आणि उणे ८० च्या पलीकडे जोडणी असून नसल्यासारखी असते. हे मोजमाप सरळ पट्टीचे नाही. ३ डीबीची घट म्हणजे शक्ती निम्मी आणि १० डीबीची घट म्हणजे एक दशांश, त्यामुळे उणे ६० आणि उणे ८० यांत शंभरपट फरक असतो.

घराचा कच्चा नकाशा कागदावर काढावा आणि राउटरच्या खोलीपासून सुरुवात करून जिन्याच्या माथ्यावर, मधल्या वळणावर, जिन्याच्या पायथ्याशी, तळघराच्या मध्यभागी आणि जेथे प्रत्यक्ष बसून काम करायचे आहे त्या टेबलापाशी दोन्ही पट्ट्यांचे आकडे टिपावेत. प्रत्येक ठिकाणी अर्धा मिनिट थांबावे, कारण आकडा खाली-वर होत असतो. फोन नेहमी जसा हातात धरतो तसाच धरावा आणि तळघराचे दार नेहमी बंद असेल तर ते बंद ठेवूनच मोजावे. ही पंधरा मिनिटांची मेहनत पुढचा बराच खर्च वाचवते. समजा, जिन्याच्या माथ्यावर उणे ५२, वळणावर उणे ६०, पायथ्याशी उणे ६६ आणि टेबलापाशी उणे ८१ असे आकडे आले, तर सिग्नल जिन्याच्या पोकळीतून व्यवस्थित उतरतो आहे आणि तळघरातल्या आतल्या भिंतीपाशी अडतो आहे, हे उघड होते. उलट माथ्यावरच उणे ७२ असेल, तर दोष तळघराचा नसून राउटरच्या जागेचा आहे.

सिग्नलबरोबर आणखी एक तपासणी करावी. तळघरातून राउटरच्याच पत्त्याला, जो बहुधा १९२.१६८.१.१ असा असतो आणि राउटरच्या तळाला चिकटवलेल्या पट्टीवर छापलेला असतो, पिंग करावे, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते पाहावे. उत्तर काही मिलिसेकंदांत नियमित येत असेल आणि तरीही संकेतस्थळे रखडत असतील, तर दुखणे बहुधा इंटरनेट कंपनीच्या लाइनमध्ये आहे आणि घरात कितीही यंत्रे बसवून ते बरे होणार नाही. राउटरचेच उत्तर कधी ५, कधी ३०० मिलिसेकंदांत येत असेल किंवा मध्येच हरवत असेल, तर दोष घरातल्या हवेत आहे आणि पुढचे वाचावे.

पैसे न खर्चता

राउटर कपाटात, टीव्हीच्या मागे, माळ्यावर किंवा फ्रिजच्या डोक्यावर असेल तर आधी बाहेर काढावा. लोखंडी कपाट, मोठा आरसा, ज्याच्या मागे धातूचा लेप असतो, आणि माशांची काचपेटी या तिन्ही गोष्टी लहरींच्या वाटेत वाईट. मग त्याला शक्य तितका जिन्याच्या माथ्याकडे सरकवावा. स्लॅबमध्ये जिन्याएवढे मोठे दुसरे भोक घरात नसते. फायबरची तार पुरत नसेल तर कंपनीकडून लांब पॅचकॉर्ड मागता येते आणि अनेक ठिकाणी ती नाममात्र शुल्कात बसवून मिळते. स्वतः सरकवताना फायबर काटकोनात वाकवू नये, खिळ्याने ठोकू नये आणि सुटलेल्या टोकात डोकावू नये, कारण त्यातून येणारा लेझरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही.

अँटेना हलवता येत असतील तर त्यांची दिशा तपासावी. उभ्या काडीसारखी अँटेना आपली शक्ती सभोवार, आडव्या दिशेने पसरवते, मेदूवड्याच्या आकारात. तिच्या टोकाच्या दिशेने, म्हणजे नेमके वर आणि खाली, ती सर्वांत क्षीण असते. सगळ्या अँटेना सैनिकांसारख्या ताठ उभ्या केल्या तर तो मजला उजळतो आणि तळघर वड्याच्या भोकात येते. निम्म्या अँटेना आडव्या कराव्यात आणि पुन्हा मोजावे. राउटर तळघराच्या अगदी डोक्यावर असेल तर या एवढ्याशा बदलाने आकडा नजरेत भरण्याइतका सुधारू शकतो. कंपनीने दिलेल्या बहुतेक पेट्यांत अँटेना आत दडलेल्या असतात. तेथे पेटी भिंतीवर टांगून, मग आडवी ठेवून, दोन्ही प्रकारे मोजून पाहावे.

दोन्ही पट्ट्यांना राउटरने एकच नाव दिलेले असेल, तर जेथे कोणतेही नवे उपकरण बसवायचे नाही अशा घरात २.४ गिगाहर्ट्‌झला वेगळे नाव देऊन तळघरातली उपकरणे त्यालाच जोडावीत. पंपाचा नियंत्रक, प्रिंटर, स्मार्ट प्लग यांपैकी पुष्कळशांना ५ गिगाहर्ट्‌झ समजतच नाही. या पट्ट्यात वाहिन्या (चॅनेल) १, ६ आणि ११ या तीनच एकमेकींवर चढत नाहीत. ॲनालायझरमध्ये शेजाऱ्यांची गर्दी कमी दिसेल ती निवडावी आणि वाहिनीची रुंदी २० मेगाहर्ट्‌झवर ठेवावी. ४० केल्याने वेग वाढेल असे वाटते, पण प्रत्यक्षात गोंगाट वाढतो.

एवढ्यावर टेबलापाशी उणे ६७ किंवा त्याहून चांगला आकडा मिळाला, तर काम संपले. मोठ्या घरांत तो बहुधा मिळत नाही.

रिपीटरबद्दल

प्लगमध्ये खोचायचा छोटा रिपीटर, म्हणजे राउटरचा सिग्नल ऐकून तो पुढे पुन्हा सोडणारे यंत्र, स्वस्त असतो आणि म्हणून सर्वांत आधी आणला जातो. आणल्यावर तो तळघरातल्या टेबलाशेजारीच लावला जातो, आणि तेथेच फसगत होते. माझीही ती झाली आहे. फोनवर सगळ्या दांड्या भरल्या, पण वेग होता तसाच राहिला, कारण रिपीटरला स्वतःलाच उणे ८० वर जे काही तुटके-फुटके ऐकू येत होते, तेच तो मोठ्याने पुन्हा म्हणत होता. रिपीटर लावायचाच असेल तर जेथे मूळ सिग्नल अजून उणे ६० ते ६५ आहे अशा जागी, म्हणजे जिन्याच्या माथ्यावर किंवा वळणावर लावावा. एकाच रेडिओवर ऐकणारे आणि बोलणारे उपकरण तेच शब्द हवेत दोनदा उच्चारते, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो, हेही गृहीत धरावे. भाड्याच्या घरात, जेथे भिंतीला हात लावता येत नाही, तेथे हा उपाय चालून जातो. स्वतःच्या घरात मी सुचवणार नाही.

तार खाली नेणे

लहरींना स्लॅबमधून ढकलत बसण्यापेक्षा तार खाली न्यावी आणि तळघरात स्वतंत्र ॲक्सेस पॉइंट, म्हणजे तारेने आलेले इंटरनेट वायफायने पसरवणारी पेटी, बसवावा, हा खरा इलाज आहे. एकदा केले की पुढची दहा-पंधरा वर्षे त्याकडे पाहावे लागत नाही. राउटर बदलतील, इंटरनेटची कंपनी बदलेल, तार तीच राहील. यात आणखी एक फायदा आहे. जो स्लॅब आणि जी माती आपला सिग्नल अडवतात, तेच शेजाऱ्यांचा सिग्नलही अडवतात. घराच्या वरच्या मजल्यावर ॲनालायझर उघडला तर वीस-पंचवीस नावे दिसतात, तळघरात दोन-तीनच. तेथे बसवलेला साधा ॲक्सेस पॉइंटसुद्धा शांत हवेत काम करतो आणि अपेक्षेपेक्षा चांगला वेग देतो.

तार कॅट-६ दर्जाची, शुद्ध तांब्याची घ्यावी. घरातली लांबी १०० मीटरच्या मर्यादेत कधीही बसते, त्यामुळे त्याहून महाग प्रकारांची गरज नाही. बाजारात त्याच वेष्टनात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त तारही मिळते, आणि खोक्यावर बारीक अक्षरात सीसीए असे लिहिलेले असते किंवा तेही नसते. पात्याने एक तंतू खरवडून पाहावा. आत चंदेरी रंग दिसला तर ती तार परत करावी. ती वाकवताना तुटते, तिच्यातून वीज नेली तर अधिक तापते, आणि जॅकपाशी कालांतराने संपर्क सोडते.

आता वाट. घर वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बांधलेले असेल तर जुन्या लँडलाइनची किंवा टीव्ही केबलची कन्सील्ड पाइप बहुधा भिंतीत पडून असते, आणि ती कित्येकदा तळघरातल्या खोलीपर्यंत गेलेली असते. त्या पाइपमधली निकामी टेलिफोन वायर उपटून टाकू नये. तिच्या टोकाला नवी तार घट्ट बांधून, सांध्यावर गुळगुळीत चिकटपट्टी गुंडाळून, एकाने वरून सोडावी आणि दुसऱ्याने खालून हळूहळू ओढावी, म्हणजे जुनी वायर ओढदोराचे काम करते. विजेच्या वायरांच्या पाइपमधून मात्र नेटवर्कची तार नेऊ नये. त्यात व्यत्ययाचा प्रश्न दुय्यम आहे. २३० व्होल्टची वायर सोलवटली तर तो करंट थेट उपकरणाच्या आणि माणसाच्या हातापर्यंत येऊ शकतो, हे पहिले कारण.

पाइप नसेल तर जिन्याच्या कडेने, पायऱ्यांच्या स्कर्टिंगलगत, केसिंग-कॅपिंगची पट्टी लावून तार उतरवावी. हे थोडे डोळ्यांत येते, पण कोठेही भोक पाडावे लागत नाही, आणि पट्टी भिंतीच्या रंगात रंगवली की चार दिवसांत कोणाच्या लक्षातही राहत नाही. तिसरा मार्ग बाहेरून आहे: वरच्या खिडकीच्या चौकटीतून बाहेर, भिंतीवरून खाली आणि तळघराच्या झरोक्यातून आत. त्यासाठी उन्हात न तडकणारी, काळ्या जाड आवरणाची, बाहेर वापरण्याची तार घ्यावी. आत शिरण्यापूर्वी तिला खाली यू आकाराचा झोल द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पावसाचे पाणी झोलाच्या तळाशी ठिबकून जाते आणि भिंतीच्या भोकाकडे येत नाही. भोक पाडायचे असेल तर ते बाहेरच्या बाजूला किंचित उतरते पाडावे. वळवाच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा अशा बाहेरच्या तारेत धक्का उतरण्याचा धोका असतो; बाहेरची लांबी कमीत कमी ठेवावी, आणि ती मोठी होत असेल तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंगसह सर्ज संरक्षक बसवून घ्यावा.

एक ठिकाण मात्र पूर्णपणे वर्ज्य समजावे, ते म्हणजे मातीला टेकलेली तळघराची भिंत. महाराष्ट्रात अनेक तळघरांना बाहेरून शहाबादी फरश्यांचे बॉक्स वॉटरप्रूफिंग केलेले असते. त्या भिंतीत आरपार भोक पाडले की पुढच्या पावसाळ्यात पाणी नेमकी तीच वाट शोधते, आणि मातीआड गेलेले ते भोक नंतर बुजवणे किती खर्चिक असते ते विचारू नये. स्लॅबमध्ये भोक पाडण्याची वेळ आलीच तर बीम, कॉलम आणि बाथरूमखालचा संकन स्लॅब टाळून, सळ्यांची जागा पाहून, अनुभवी माणसाकडूनच ते पाडून घ्यावे. इमारत सोसायटीची असेल तर लेखी परवानगीशिवाय स्लॅबला ड्रिल लावू नये.

दोन्ही टोकांना जॅक बसवताना रंगांचा क्रम एकच हवा. प्रचलित क्रम असा आहे: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. त्यानंतर राउटरच्या सेटिंगमध्ये किंवा लॅपटॉपवर जोडणीचा वेग पाहावा. तो १ जीबीपीएस दिसला पाहिजे. १०० एमबीपीएस दिसत असेल तर चारपैकी एखादी जोडी कोठेतरी तुटली आहे किंवा जॅकमध्ये नीट दाबली गेलेली नाही, कारण १०० साठी दोनच जोड्या पुरतात आणि १ जीबीपीएससाठी चारही लागतात. बसवणारा माणूस “चालू आहे ना साहेब” म्हणून निघून जाण्याआधी हे पाहून घ्यावे.

तळघरातली पेटी

तारेच्या खालच्या टोकाला नवा ॲक्सेस पॉइंट घ्यावाच असे नाही. जुना पण चालू स्थितीतला राउटर घरात पडलेला असेल तर तोही हे काम करतो. त्यात एपी (ॲक्सेस पॉइंट) मोड असेल तर तो निवडला की झाले. नसेल तर तीन गोष्टी कराव्या लागतात. त्याला मुख्य राउटरच्याच मालिकेतला वेगळा पत्ता द्यावा, उदाहरणार्थ मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२, आणि हा पत्ता मुख्य राउटर इतर उपकरणांना वाटणार नाही याची काळजी घ्यावी. त्याचे डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटण्याचे काम, बंद करावे, कारण एका घरात पत्ते वाटणारे दोघे झाले की फोन गोंधळतात आणि इंटरनेट मध्येच गायब होते. आणि वरून आलेली तार वॅन (इंटरनेट आत घेण्याच्या) नव्हे, तर लॅन (घरातली उपकरणे जोडण्याच्या) पोर्टमध्ये लावावी. हे बदल राउटर तारेने लॅपटॉपला जोडून, मुख्य जाळ्याला जोडण्यापूर्वीच करावेत.

वायफायचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार वरच्या राउटरसारखाच ठेवावा, वाहिनी मात्र वेगळी. वर १ असेल तर खाली ६ किंवा ११. ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात खाली ३६ ते ४८ मधली वाहिनी ठेवणे सोयीचे असते, कारण मधल्या काही वाहिन्यांवर रडारला प्राधान्य असते आणि तेथे उपकरणाला थांबावे किंवा वाहिनी सोडावी लागते. सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ असावी, डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण दाबून किंवा पिनने जोडण्याची सोय, बंद करावे.

नवे उपकरण घेत असाल तर दोन्ही पट्टे असलेले, वायफाय ६ चे आणि गिगाबिट पोर्टचे साधे उपकरण तळघराला पुरेसे आहे. पीओई असलेले मिळाले तर अधिक बरे, कारण मग डेटा आणि वीज एकाच तारेतून जाते. तारेत वीज सोडणारा इंजेक्टर वर, इन्व्हर्टरच्या किंवा यूपीएसच्या प्लगला लावला की वीज गेल्यावरही तळघरातला सिग्नल टिकतो आणि खाली वेगळा बॅकअप ठेवावा लागत नाही. इंजेक्टर आणि उपकरण यांचे व्होल्टेज जुळते ना, हे खरेदीच्या वेळीच पाहावे. प्रमाणित पीओई साधारण ४८ व्होल्टचे असते, पण २४ व्होल्टवर चालणारी उपकरणेही विकली जातात.

पेटी छताजवळ, खोलीच्या मध्याकडे लावावी. जमिनीलगतचा प्लग हाताशी असतो म्हणून ती तेथे ठेवू नये. जुलै-ऑगस्टमध्ये संपमधला, म्हणजे पाणी गोळा होणाऱ्या खड्ड्यातला, पंप एक रात्र बंद पडला तरी खाली घोटाभर पाणी साचते, आणि फरशीवर ठेवलेली प्रत्येक विजेची वस्तू त्यात जाते. भिंतीवर ओलीचा पट्टा दिसत असेल तर त्या भिंतीला जॅकची पेटी बसवू नये. आतल्या धातूच्या पट्ट्यांवर हिरवा थर चढतो आणि महिन्याभराने ‘नेट कधी चालते, कधी नाही’ अशी तक्रार सुरू होते.

तार नेताच येत नसेल तर

मेश संच, म्हणजे आपापसांत बोलून एकच जाळे तयार करणाऱ्या पेट्या, हा मग पुढचा पर्याय. दोन पेट्यांच्या संचातली दुसरी पेटी तळघरात आत टेबलापाशी नव्हे, तर जिन्याच्या पायथ्याशी, वरच्या पेटीकडे जिन्याच्या पोकळीतून नजर जाईल अशा जागी ठेवावी. दोन पेट्यांनी आपापसांत बोलण्यासाठी तिसरा स्वतंत्र पट्टा असलेला संच असेल तर रिपीटरसारखा वेग निम्मा होत नाही. पुढे कधी तार टाकता आली तर तीच पेटी तारेने जोडता येते, म्हणून खरेदी करताना दोन्ही पेट्यांना लॅन पोर्ट आहे ना हे पाहावे.

घरातल्या विजेच्या वायरांतून डेटा नेणारे पॉवरलाइन अडॅप्टरही मिळतात. त्यांचा भरवसा वायरिंगवर अवलंबून असतो. मोठ्या बंगल्यांत तीन फेजचा पुरवठा असतो. दिवाणखाना एका फेजवर आणि तळघर दुसऱ्या फेजवर असेल तर वेग गडगडतो किंवा जोडणीच होत नाही. एक प्लग इन्व्हर्टरच्या सर्किटवर आणि दुसरा थेट लाइनवर असला तरी तेच. अडॅप्टर भिंतीतल्या प्लगमध्येच लावावेत, स्पाइकगार्डमध्ये लावले तर त्यातला गाळक डेटाही गाळून टाकतो. दुकानदार परत घ्यायला तयार असेल तरच हा प्रयोग करावा.

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांसाठी थोडे वेगळे सांगावे लागेल, कारण तेथील बेसमेंटचे छत बहुधा काँक्रीटचे नसून लाकडी तुळयांचे असते. तेथे लहरींना अडवतात ते घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचे पत्र्याचे डक्ट, गरम पाण्याची टाकी आणि धातूचे इतर सामान, म्हणून राउटर सरकवून त्यांना बगल दिली की बराच प्रश्न मिटतो. शिवाय तेथील घरांत खोल्याखोल्यांत टीव्हीसाठी कोॲक्स केबल आधीच टाकलेली असते. तिच्या दोन टोकांना मोका, म्हणजे कोॲक्समधून नेटवर्कचा डेटा नेणारे, अडॅप्टर लावले की भिंत न फोडता जवळपास नेटवर्कच्या तारेइतकाच भक्कम दुवा मिळतो.

बसवून झाल्यावर

सुरुवातीला काढलेला कागद पुन्हा हातात घ्यावा आणि त्याच जागांवर पुन्हा आकडे टिपावेत. टेबलापाशी उणे ५० च्या आसपास यायला हवे. तेथे आकडा चांगला असूनही वरून खाली उतरल्यावर फोन जुन्याच राउटरला लटकून राहिला आणि वेग मिळाला नाही, तर तो दोष फोनचा आहे. ऐकू येणारा पहिला सिग्नल पार तुटेपर्यंत फोन सोडत नाही. वायफाय एकदा बंद-चालू केले की तो जवळच्या पेटीकडे येतो, पण रोज तसे करणे कोणालाही नको असते. त्यासाठी वरच्या राउटरची प्रक्षेपण शक्ती सेटिंगमध्ये एक पायरी कमी करावी, म्हणजे जिना उतरतानाच त्याचा सिग्नल सुटतो आणि खालचा पकडला जातो. शक्ती कमी करून वायफाय सुधारते हे घरच्यांना पटवणे जरा कठीण जाते.

तळघरातला सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, छोटा सर्व्हर किंवा जागेवरून न हलणारा संगणक असेल तर त्याला वायफायवर ठेवूच नये. तार खाली आलीच आहे, तर चार-पाच पोर्टचा गिगाबिट स्विच लावून ही उपकरणे थेट जोडावीत. तारेच्या दोन्ही टोकांना ‘दिवाणखाना ते तळघर’ अशी चिठ्ठी चिकटवावी आणि जिन्याच्या पट्टीत हातभर जास्तीची तार गुंडाळून ठेवावी. आणि ऑगस्टच्या मध्यावर, स्लॅब व भिंती पुरत्या ओल्या झालेल्या असताना, तिसऱ्यांदा मोजावे. उन्हाळ्यात मिळालेला आकडा तेव्हा काही डीबीने खाली आलेला दिसू शकतो. ज्याने तार खाली नेली आहे त्याच्या टेबलावर तो फरक जाणवत नाही. जो अजून स्लॅबमधून झिरपणाऱ्या सिग्नलवर भागवतो आहे, त्याचे व्हिडिओ कॉल नेमके त्याच दिवसांत तुटू लागतात.